फोनला विचारलं हाताचं

पहिल्यांदा पेला पडला. चहाचा, स्टीलचा, रिकामा. घासायला नेत होते आणि मोरीच्या दाराशी तो हातातून गेला. निसटला असं नाही म्हणणार मी. निसटतं तेव्हा हाताला कळतं. हा गेला ते मला आवाज झाल्यावर कळलं. खाली बघितलं तर पेला गोल फिरत होता आणि माझी बोटं अजून पेला धरल्यासारखी वाकलेली.

आतून सुनेने विचारलं काय पडलं, तर मी म्हटलं मांजर असेल. आमच्या गल्लीत कुत्री आहेत चौदा, मांजर एकही नाही. पण तोंडातून तेच आलं.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतो. एकामागे एक दोन खोल्या, पुढे ओटा. मुलगा कंपनीत पाळीने जातो. सून अंबरनाथला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, बाळंतपणाच्या रजेवर आली होती. नात तेव्हा चार महिन्यांची. रजा संपायला तीन आठवडे राहिले होते. आणि मी सुनेला तिचं पोट दिसायच्याही आधी शब्द दिला होता की नोकरी सोडायची नाही, पोर मी बघेन. मीच बोलले होते ते, कोणी मागितलं नव्हतं. माझी दोन पोरं मी जीनच्या गठ्ठ्यांमध्ये वाढवली. एकीच्या पायाला दोरी बांधून ती दाराच्या कडीला अडकवायची आणि दुसऱ्याला मांडीवर घेऊन पँटींचे धागे कापायचे. सुनेवर ते दिवस यायला नकोत असं माझ्या मनात होतं. म्हणून शब्द दिला. आणि आता मला रिकामा पेला धरता येईना.

पेल्याचं एवढं का घेतलं मनाला, ते सांगते.

आमचे हे जीन धुण्याच्या कारखान्यात कामाला होते. घरी यायचे तेव्हा कोपरापर्यंत निळे. त्यांना जाऊन आता अठरा वर्षं झाली. त्या सकाळी उंबऱ्यात बसून बशीतून चहा पीत होते. मी आत गठ्ठा घेऊन बसले होते, दहाला माल न्यायला येणार होते आणि अर्धा राहिला होता. हे म्हणाले, उजवा हात झोपलाय गं. मी मान वर केली नाही. म्हटलं, झटका जरा. त्यांनी झटकला. दोनदा झटकला, मला आवाज आला बांगडी वाजल्यासारखा, त्यांच्या हातात तांब्याचं कडं होतं त्याचा. मग बशी पडली. मग हे पडले. संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, चौथ्या दिवशी गेले.

झटका जरा म्हटलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, मुलीलाही नाही. लोक विचारायला आले तेव्हा सांगितलं, चहा पिता पिता पडले.

तर पेला पडला तेव्हा मला ती बशी दिसली.

मुलाला सांगितलं असतं तर तो ड्युटी सोडून दवाखाने फिरला असता. सुनेला सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या मिनिटाला कंपनीत फोन करून नोकरी सोडली असती. शेजारणीला सांगायचं म्हणजे पाणी भरायच्या वेळेला सगळ्या गल्लीला कळायचं. मग राहिला फोन. मुलाचा जुना, कोपऱ्यात तडकलेला. मी तिसरी शिकलेली, रिक्षावरचे, दुकानावरचे मोठे शब्द वाचता येतात, फोनमधली बारीक अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. पण सुनेने शिकवलं होतं, हा माईक दाबायचा आणि बोलायचं, आई, काय पाहिजे ते येतं. मी त्याच्यावर आमच्या कोकणातलं नमन बघायची. गावाला देवळापुढे मृदंग वाजवून सोंगं नाचतात ते. माहेर सुटल्यापासून बघायला मिळालं नव्हतं, ते फोनमध्ये सापडलं. मला वाटलं, ज्याने माझं नमन शोधून काढलं तो हाताचंही सांगेल. आणि कोणाला बोलणार नाही.

दुपारी माय-लेकी झोपल्या की मी मोरीपाशी जाऊन बसले आणि हळू आवाजात सांगितलं, हात झोपतो, पेला पडतो. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं तर भलतंच आलं, हातमागाच्या साड्या. मग उठून गल्लीच्या टोकाला गेले, तिथे बंद पडलेल्या गिरणीचा कट्टा आहे, तिथे उभी राहून मोठ्याने बोलले. जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला, मी फोन कानाला लावला.

मग फोनमध्ये तो आला. पांढरा कोट, गळ्यात नळी, हातात माणसाचा मेंदू, लाल-निळा, प्लास्टिकचा असेल. म्हणाला, हातातून वस्तू पडतात का? दुर्लक्ष करू नका. एका बाजूचा हात बधीर होतो का? शरीर तुम्हाला इशारा देतंय. मला वाटलं हा माझ्याकडेच बघतोय. तो संपला की आपोआप दुसरा सुरू. दुसऱ्याने मानेचं सांगितलं, तिसऱ्याने साखरेचं, एक बाई होती तिने गाठींचं सांगितलं. चार बघितले उभ्या उभ्या. पण मनाने धरला तो पहिलाच. तोंड वाकडं होतं म्हणाला तो, बोलणं जातं म्हणाला. ते मी घरात बघितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर नमन नाही. मी काही विचारलं नव्हतं, तरी पांढरे कोट. बोट लावून वर सरकवलं, आणखी पांढरे कोट. कुठेतरी खाली एक सोंग दिसलं, त्याला पकडेपर्यंत ते गेलं. एक म्हणाला पहाटे जाग येते का. येत होती. एक म्हणाला बटण लावायला त्रास होतो का. पोलक्याची बटणं मी त्या आठवड्यात दोनदा वरखाली लावली होती. जे विचारत होते ते मला होतच होतं. आणि नसेल होत तर संध्याकाळपर्यंत व्हायला लागायचं. मानेचं ऐकलं की मान दुखायची. डोळ्यापुढे अंधारी येते का म्हणाला, आणि मी चष्मा पुसत बसले.

त्याने घरच्या घरी करायची तपासणी सांगितली होती. आरशासमोर हसायचं, तोंड एका बाजूला जातं का बघायचं. दोन्ही हात वर करायचे, एक खाली येतो का बघायचं. एक साधं वाक्य बोलायचं, जीभ अडखळते का बघायचं. कपाटाला आरसा आहे, तिथे रोज सकाळी उभी राहायला लागले. हसले तर तोंड डावीकडे बसलेलं.  मग आठवलं की डाव्या बाजूच्या दाढा मी मुलीच्या लग्नाच्या वर्षी काढल्या आहेत. पण आधीपासून वाकडं होतं की आता झालं? फोटो काढून बघितले. लग्नाच्या फोटोत मी हसलेलीच नाही, तेव्हा नवरीने हसायचं नसायचं. मुलीच्या लग्नातल्या फोटोत मी मागे, अक्षतांचं ताट घेऊन, आणि अर्धं तोंड विहिणीच्या अंबाड्याने झाकलेलं. एवढ्या वर्षांत माझं हसणं कोणी टिपलेलं नव्हतं की पडताळून बघावं.

आणि वाक्य. साधं वाक्य काय बोलणार? मी म्हणायची, आज पाणी येणार नाही. रोज तेच. "ज" नीट येतो का, "णा" नीट येतो का. तीन-चार दिवसांनी सून घामाघूम होऊन म्हणाली, "आई, रोज सांगता पाणी येणार नाही, मी टोपं-बादल्या भरून भरून मेले. पाणी तर रोज येतंय."

मला त्याही वेळी हसू आलं नाही. मी बघत होते की हे ऐकताना आपलं तोंड सरळ आहे की नाही.

पोरीला उचलणं मी सोडलं ते त्याच आठवड्यात. एकदा पाळण्यातून घेताना मनगटात कळ गेली आणि बोटं झोपली. तिची मान माझ्या त्याच हातावर होती. पडली नाही ती, मी तिला छातीशी दाबून धरलं आणि तशीच खाली बसले. पण बसले तेव्हा ठरवलं, आता नाही. तिथून पुढे कारणं. हाताला मिरची लागलीय. कणीक मळतेय. सर्दी आहे मला, तिला होईल. सून दूध गरम करायला उठायची, पोर रडायची, आणि मी पाळण्याजवळ बसून नुसती दोरी ओढायची. पोर हात वर करायची. चार महिन्यांचं पोर ओळखतं कोण उचलणारं माणूस आहे ते. मी तोंड फिरवायची.

समोरची सिंधी बाई पापड वाळत घालता घालता बघायची सगळं. तिने एकदा विचारलं, "मौसी, पोती को गोद में लेती नहीं क्या?" मी म्हटलं, सवय लागते मग सुटत नाही. ते सुनेने ऐकलं.

त्या दिवशी तिने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता विचारलं.

"मुलगी झाली म्हणून उचलत नाही का हो आई?"

  नाही म्हटलं तर मग का, ते सांगावं लागलं असतं. तवा तापला होता, भाकरी करपली थोडी. तिने ती आपल्या ताटात घेतली.

मी बाहेर ओट्यावर येऊन गठ्ठा सोडला आणि धागे कापायला बसले.

हे काम सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मला ते सांगायचं असतं असं वाटतच नाही. कारखान्यात पँटी शिवून होतात, शिलाईच्या टोकांना धागे लोंबत राहतात. ते कापायला माल घरोघर देतात. हातात एवढासा कटर असतो, चिमट्यासारखा, अंगठ्याने दाबायचा आणि सोडायचा. एका पँटीला पंधरा-वीस ठिकाणी. बायका टीव्ही बघत करतात, बोलत करतात, पोरांचा अभ्यास घेत करतात. मी मुलगी पोटात होती तेव्हापासून करतेय. मुलगा कमवायला लागला तेव्हा म्हणाला बंद कर आता, मी म्हटलं, बसून काय करू. कटर पोलक्यातच असायचा माझ्या, जिथे बसेन तिथे बाहेर निघायचा.

त्या दिवसांत तर मी दुप्पट माल घ्यायला लागले. स्वस्थ बसलं की फोनकडे हात जायचा. गठ्ठा असला की निदान डोळे खाली. आणि एक होतं, कटर माझ्या हातातून कधी पडला नाही. बोटाला चिंधी गुंडाळून त्यात अडकवलेला असतो, पडणार कसा. पण मला वाटायचं, हे चालतंय म्हणजे हात जिवंत आहे. थांबला की मुंग्या यायच्या, म्हणून थांबायचंच नाही. पन्नास पँटी व्हायच्या तिथे नव्वद केल्या. माल आणणारा रिक्षावाला म्हणाला, मौसी, मशीन बसवलंय का?

फोनला मी हेही विचारायला पाहिजे होतं. किंवा फोनने मला. इतकं सगळं विचारलं त्याने, शौचाला कसं होतं ते विचारलं, पण बाई, दिवसभर तू या हाताने करतेस काय, हे एकानेही विचारलं नाही.

एकाने विचारलं, पण तो फोनमधला नव्हता. गल्लीतल्या दवाखान्यात एका संध्याकाळी मी गुपचूप गेले. दूध आणते सांगून. डॉक्टर घाईत होता, माणसं बाकावर बाहेरपर्यंत. त्याने ब्लडप्रेशर बघितलं, वाढलेलं निघालं. वाढणारच, मी तिथे बसून तोंड सरळ आहे का ते त्याच्या काचेच्या दारात बघत होते. त्याने विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, काही नाही, घरीच असते. मग चालत जा रोज, म्हणाला, नुसतं बसून असं होतं. गोळ्या दिल्या, आठवड्याने या म्हणाला.

मी घरी येऊन ब्लडप्रेशर आणि हात असं दोन्ही मिळून फोनला विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

चालायला मात्र लागले. सकाळी गिरणीच्या कट्ट्यापर्यंत, तिथून नाल्यापर्यंत, परत. दहा वेळा, पंधरा वेळा. चालताना आज पाणी येणार नाही, आज पाणी येणार नाही. घरात आले की पाळण्याशी जायचं, वाकायचं, हात पुढे करायचे, मागे घ्यायचे. मग परत बाहेर.

रजेचा एक आठवडा राहिला तेव्हा मी कुळगावला मुलीकडे जाऊन आले. दिवसभर पोर ठेवशील का विचारायला. तिच्या सासऱ्यांचं सगळं अंथरुणात, तिला स्वतःला जेवायला फुरसत नाही. ती म्हणाली, तू आहेस की घरी. मी म्हटलं हो, आहे मी. आणि रिक्षात बसले.

त्या संध्याकाळी मुलगा जेवता जेवता म्हणाला की ही नोकरी सोडते म्हणतेय, सोमवारी सुपरवायझरला कळवणार आहे. चिखलोलीला त्यांनी घर बघून ठेवलं होतं, दोघांच्या पगारावर कर्ज काढून मिळणार होतं ते. त्याचं काही बोलला नाही तो. एवढंच म्हणाला, "तुझ्याच्याने होत नसेल तर सांग ना आई, रागावणार नाही कोणी." सून ताट घेऊन उठली. मी त्याला भात वाढला. डाव्या हाताने वाढला, आणि तो म्हणाला डाव्या हाताने काय वाढतेस.

मला तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी कधी कुठे दुखतं म्हणून बोललेच नाही आयुष्यात. हिवतापात गठ्ठे केले, हे गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गठ्ठा सोडला. दुखतं म्हणायला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नव्हतं.

रविवारी ते आपोआप बाहेर आलं. मी मोरीत अंघोळीला होते. पोर फार रडत होती, आणि तिला माझ्या नमनाच्या मृदंगाचा आवाज आवडायचा, ऐकला की गप्प व्हायची. सुनेने म्हणून माझा फोन उघडला. मी बाहेर आले तर पोर रडतेच आहे आणि सून फोन हातात घेऊन खाली बसलेली. पांढऱ्या कोटाचा आवाज येत होता. ती बोट लावून वर सरकवत होती, आणि संपत नव्हतं ते.

"हे काय बघता तुम्ही आई?"

मी ओले केस पुसत राहिले. ती म्हणाली, कोणाला काय झालंय? मी म्हटलं, हाताला. मग सांगितलं. पेला सांगितला, मांजर सांगितलं, आरसा, पाणी येणार नाही ते. सांगता सांगता मागे गेले आणि तेही सांगितलं. अठरा वर्षं ज्याला तोंड फुटलं नव्हतं ते सुनेपुढे फुटलं, पोटच्या पोरांपुढे नाही.

"ह्यांनी हात झोपला म्हणून सांगितलं होतं मला. मी मान वर केली नाही. झटका जरा म्हटलं. गठ्ठा द्यायचा होता."

 सून उगी रडू नका म्हणाली नाही, मी रडतही नव्हते. तिने फोन पालथा ठेवला. मला भिंतीला टेकून बसवलं, पोरीला पाळण्यातून काढलं आणि माझ्या मांडीवर दिलं. माझा उजवा हात तिच्या मानेखाली लावला. आणि माझ्या हाताखाली आपले दोन्ही हात लावून बसली.

"पडली तर माझ्या हातात पडेल," म्हणाली.

पोर रडायची थांबली आणि माझ्या ओल्या केसांना धरून ओढायला लागली. आम्ही दोघी किती वेळ तशा बसलो माहीत नाही. सुनेच्या हाताला मुंग्या आल्या असतील, पण काढले नाहीत तिने.

सोमवारी सुपरवायझरला तिने फोन केला तो एवढाच की एक दिवस उशिरा येईन. आणि मला बदलापूरला नेलं, तिच्या कंपनीतल्या कोणाचा तरी हात तिथे बरा झाला होता. पोर तिच्या मांडीवर, मी रिक्षात कडेला. अंबरनाथ गेलं, चिखलोली आलं, तिने बोट दाखवून सांगितलं ती पिवळी बिल्डिंग, आई. मी बघितलं. पण मनात चाललं होतं की आत गेल्यावर मेंदूचं सांगतील, आणि ही पिवळी बिल्डिंग राहील तिथेच.

डॉक्टर बाई होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. पेला कसा पडला ते पूर्ण ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, काम काय करता आजी?

मी म्हटलं, "काही नाही. घरीच असते."

ती लिहायला लागली. आणि माझी सून, जिने लग्न झाल्यापासून माझं बोलणं कधी खोडलं नव्हतं, ती मध्ये बोलली.

"काही नाही कसं, आई? मॅडम, नव्वद पँटी करतात दिवसाला. धागे कापतात. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधीपासून."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, कसे कापता, दाखवा. कटर होताच पोलक्यात. तो काढला, चिंधी गुंडाळली आणि पँट नव्हती तर डॉक्टरणीने आपली ओढणी पुढे केली, तिच्या कडेला दोन धागे निघाले होते. मी कापले. ती धाग्याकडे बघत नव्हती, माझ्या मनगटाकडे बघत होती. परत, म्हणाली. परत. एका पँटीला किती वेळा दाबता? मी कधी मोजलं नव्हतं. सुनेने गुणाकार करून सांगितला आणि तो आकडा ऐकून मी अंगठ्याकडे बघितलं, जसं दुसऱ्या कोणाचा आहे.

मग विचारलं कोणती बोटं झोपतात. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं. करंगळी? मी म्हटलं, करंगळी नाही झोपत. कधीच नाही? कधीच नाही. ते माझ्या ध्यानात होतं, पण फोनमध्ये करंगळीचं कोणी बोललं नव्हतं म्हणून मी तिला सोडून दिलं होतं. डॉक्टरणीने मनगटावर बोटाने टकटक केलं, बोटांत झिणझिणी गेली. दोन्ही मनगटं वाकवून धरायला लावली, आणि घड्याळ बघत बसली. अर्ध्या मिनिटात मुंग्या आल्या. तिला आनंद झाल्यासारखं दिसलं, मला राग आला थोडा.

मेंदू नाही, म्हणाली. हाताला जाणारी नस मनगटात एका पट्ट्याखालून जाते, तो पट्टा सुजून नस दाबली गेलीय. मला परकराच्या नाडीचं आठवलं. नेफा आवळला की आत नाडी अडकते, ओढली तरी हलत नाही. तसं का, विचारलं. ती म्हणाली, अगदी तसं. बाहेरून आधाराचा पट्टा बांधायचा मनगटाला, गोळ्या महिनाभर, आणि कटर बंद. कमी नाही आजी, बंद. नस नाही सुटली तर छोटं ऑपरेशन. आणि पोरीला घ्या, पण बसून घ्या, डाव्या कडेवर घ्या.

निघताना मी दारातून परत वळले. सुनेला वाटलं पिशवी विसरले. मी डॉक्टरणीला ह्यांचं सांगितलं, आणि विचारलं की त्या वेळी मी उठले असते तर.

ती उठून दाराशी आली. मग म्हणाली, "उपयोग झाला असता का, ते मला सांगता येणार नाही आजी. पण अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय गेला, बोलणं अडखळलं, तर फोनला विचारत बसायचं नाही. थेट मोठं हॉस्पिटल. तुम्हाला झालं तरी, दुसऱ्याला झालं तरी."

खोटं सांगितलं असतं तिने तर मी ओळखलं असतं. म्हणून तिचं पुढचंही खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली. मी खाली गादी घातली, दोन्ही बाजूंना उशा, आणि पोरीला घेऊन मध्ये बसले. दहाच्या सुमाराला रिक्षावाला गठ्ठे घेऊन दारात. म्हणाला, मौसी, आज नव्वद की शंभर? मी म्हटलं, मला काम आहे. त्याने खोलीत बघितलं, गादी, उशा, पोर. काय काम, विचारलं नाही त्याने, सिंधी बाईच्या शेजारच्या घरी गठ्ठा देऊन गेला. कटर मी मिठाच्या डब्याशेजारी ठेवलाय. अंगठा मात्र अजून आपला आपण दाबत असतो, पोरीच्या पाठीवर, झोपेतसुद्धा. तिला त्याने लवकर झोप लागते.

दुपारी सुनेचा फोन आला. कुठे आहे, विचारलं. मांडीवर आहे म्हटलं. तिकडून तिने फोन तसाच धरून ठेवला, मागे मशीनचा आवाज येत होता.

सगळं गेलं असं नाही. फोनमध्ये नमन परत आलंय, पण दोन सोंगांच्या मध्ये तो मेंदूवाला अजून डोकावतो आणि माझं बोट थबकतं. मुंग्या येतात, कमी येतात. करंगळी मी दिवसातून दहादा चाचपून बघते. आणि सकाळी आरशासमोर जायचं सुटलेलं नाही. आता डाव्या कडेवर पोर असते. मी हसते, ती हसते, तिलाही दात नाहीत. मग मी वाक्य म्हणते.

चपला घालता घालता दारातून सून विचारते, "खरंच येणार नाही, की आरशाला सांगताय?"